नाशकात अवकाशावरच्या व्याख्यानांना कोण कोण जातं? आणि प्रश्नोत्तरांचं काय करायचं?

त्र्यंबकरोड
मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो. नाशकात अवकाश, खगोल, इस्रो या विषयांवर जी व्याख्यानं होतात त्यांना आवर्जून जाणारे इथे किती जण आहेत? मी जमेल तसा जातो. सकाळी पेपरातली 'आजचे कार्यक्रम'ची चौकट बघायची, त्यात चंद्र, मंगळ, उपग्रह, दुर्बीण यातलं काही दिसलं की संध्याकाळची बाकीची कामं उद्यावर. कधी गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारकात असतं, कधी सावानाकडे (सार्वजनिक वाचनालयात), कधी एखाद्या कॉलेजात, कधी महापालिकेच्या तारांगणात. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तिथे विज्ञानाचा वक्ता आला तर मी पुढच्या रांगेत असतोच.

२३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला आणि त्यानंतर या कार्यक्रमांची गर्दी एकदम वाढली, ही फार चांगली गोष्ट झाली. आधी ओळखीचीच डोकी दिसायची, आता कॉलेजची पोरं येतात, आजोबा नातवाला घेऊन येतात, दुकान लवकर बंद करून आलेले लोक दिसतात.

पण मला बोलायचंय ते प्रश्नोत्तरांबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की व्याख्यानाचा सगळ्यात मोलाचा भाग तोच, आणि आपल्याकडे नेमका तोच कापला जातो. सहाचा कार्यक्रम साडेसहाला सुरू होतो, मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, मग देणगीदारांचा सत्कार, मग दोन पाहुण्यांची मनोगतं, आणि ज्यांच्यासाठी आपण आलोय त्यांच्या हातात माईक येतो तेव्हा सव्वासात होऊन गेलेले असतात. ते बिचारे स्लाइड पळवत पळवत संपवतात आणि सूत्रसंचालक सांगतात, वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत. जी मुलगी तासभर वही घेऊन बसलेली असते तिचा हात तसाच वर राहतो.

प्रश्न झाले की काय होतं तेही सांगतो. मागच्या वर्षी नासा आणि इस्रोचा मिळून केलेला निसार उपग्रह गेला ना, ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून, त्यानंतर एका सभागृहात इस्रोतून निवृत्त झालेल्या एका शास्त्रज्ञांचं व्याख्यान होतं. सुदैवाने वेळ उरला. पिंपळगावकडचे एक द्राक्षबागायतदार उठले, म्हणाले साहेब, ऑक्टोबर छाटणी झाल्यावर आठ-आठ दिवस ढग हटत नाहीत, वेलींवर डावणी रोग येतो, तेव्हा तुमच्या उपग्रहाला वरून नुसते ढगच दिसत असणार, मग आम्हाला त्याचा उपयोग काय? साहेबांनी लॅपटॉप बंद केला, स्टेजच्या कडेला आले आणि पंधरा मिनिटं फक्त त्या एका प्रश्नावर बोलले. की हा कॅमेरा नाहीये, रडार आहे, तेही दोन, एल-बँडचं नासाचं आणि एस-बँडचं आपलं. एल-बँडची लहर २४ सेंटिमीटरची, तिला ढग आडवे येत नाहीत, पानांच्या आडूनही ती बरीचशी खाली पोचते, आणि ओल्या मातीवरून परत येणारा सिग्नल कोरड्या मातीपेक्षा वेगळा असतो. १२ मीटर व्यासाचा छत्रीसारखा उघडणारा अँटेना आहे, दर १२ दिवसांनी तीच जमीन परत त्याच जागेवरून बघितली जाते. मग त्यांनी हेही सरळ सांगितलं की एकेका वेलीचा हिशोब यातून मिळणार नाही, परिसरातल्या ओलाव्याचा मिळेल, आणि डावणीचा इशारा तर थेट नाहीच. बागायतदारांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, मग तो नकाशा आम्हाला कुठे बघायला मिळेल? आधीच्या तासाभरातलं मला आज थोडंच आठवतंय, ही पंधरा मिनिटं मात्र शब्दन् शब्द आठवतात.

तर विचारायचंय असं की तुम्ही जाता का, काय अनुभव, आणि ही प्रश्नांची वेळ वाचवायला आपण ऐकणारे काय करू शकतो?

ओझरवाला
चांगला धागा. मी ओझरच्या एचएएलच्या, म्हणजे विमानांच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये वाढलो त्यामुळे विमानं डोक्यावरून रोजचीच. इथल्या नव्या पोरांना माहीत नसतं म्हणून लिहितो, राकेश शर्मा अवकाशातून आल्यावर पुढे एचएएलमध्ये टेस्ट पायलट झाले आणि १९८७ ते १९९२ आपल्या नाशिक डिव्हिजनलाच होते. एप्रिल १९८४ मध्ये सोयूझ यानातून अवकाशात गेलेला माणूस आपल्या ओझरच्या धावपट्टीवरून मिग उडवत होता! माझे वडील तेव्हा शॉपमध्ये होते, ते सांगतात की हे साहेब फ्लाइटहून आले की मेकॅनिक लोकांशी नीट उभं राहून बोलायचे. शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये स्पेस स्टेशनवर गेले तेव्हा आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर, आणि वडील परत परत तीच जुनी गोष्ट सांगत होते.

मुद्द्याचं, सत्काराबद्दल शंभर टक्के सहमत.

निशाचर
वेगळं मत मांडतो, राग नसावा. आज नासाची, इस्रोची प्रत्येक पत्रकार परिषद घरबसल्या लाइव्ह दिसते, मोठमोठ्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत, नको वाटलं की पुढे ढकलता येतात, नाही कळलं तर मागे घेता येतात. मग सिडकोतून ट्रॅफिक तुडवत गंगापूर रोडला जायचं, पार्किंग शोधायचं, आणि चांद्रयानाची तीच माहिती ऐकायची जी पेपरात येऊन गेली, कशासाठी? बहुतेक व्याख्यानं नवशिक्यांसाठी असतात. एका ठिकाणी तर बॅनरवरच 'दक्षिण ध्रुवावर तिरंगा' लिहिलं होतं. विक्रम उतरला ६९ अंश दक्षिणेला, तिथून ध्रुव ६०० किलोमीटरच्या वर लांब आहे.

गोदाकाठची
@निशाचर, बॅनरबद्दल बरोबर आहे तुमचं, आणि तेच उठून विचारायला हवं होतं ना तिथे? वक्त्याने किती छान समजावलं असतं की ध्रुवाच्या जवळ जाणं इतकं अवघड का, तिथे सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो, सावल्या लांबच लांब, सपाट जागा कमी.

मी यूट्यूबवर भरपूर बघते. पण एका व्याख्यानात जे झालं ते स्क्रीनवर होणार नाही, कारण ते नाशिककरांसाठीच केलेलं होतं. वक्ते म्हणाले, दहा लाख किलोमीटर म्हणजे एक मीटर असं धरू, आणि सूर्य ठेवू सीबीएसच्या, म्हणजे आपल्या जुन्या बसस्टँडच्या चौकात. मग तो जेमतेम १.४ मीटरचा गोळा होतो. पृथ्वी त्याच्यापासून १५० मीटरवर, सव्वा सेंटिमीटरची गोटी. चंद्र त्या गोटीपासून ३८ सेंटिमीटरवर. माणूस आजवर गेलाय तो एवढाच लांब, वक्त्यांनी कोपरापासून बोटापर्यंत हात धरून दाखवला. सूर्याचा अभ्यास करणारं इस्रोचं आदित्य-एल१, ज्याला सगळे 'सूर्यावर गेलं' म्हणतात, ते गोटीपासून फक्त दीड मीटर सूर्याच्या बाजूला उभं आहे. गुरू पाऊण किलोमीटरच्या पुढे. नेपच्यून त्र्यंबक रोडने साडेचार किलोमीटर. आणि नासाचं व्हॉयेजर-१ यान? सगळे पोरं अंदाज करायला लागली, सातपूर, महिरावणी, अंजनेरी... तर ते पंचवीस किलोमीटरवर, त्र्यंबकेश्वर यायच्या थोडं अलीकडे. १९७७ पासून चालतंय.

मग एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, सर आणि सगळ्यात जवळचा तारा? सर म्हणाले चाळीस हजार किलोमीटर, म्हणजे सीबीएसहून निघून आख्ख्या पृथ्वीला फेरा मारून परत सीबीएसला या. हॉलमध्ये जो आवाज झाला ना, तो अजून कानात आहे. आणि हा आकडा त्यांच्या स्लाइडवर नव्हता, तो मुलाच्या प्रश्नातून आला.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
वा! उद्यापासून कंपनीत जाताना नेपच्यून ओलांडून जातोय असं सांगेन सगळ्यांना.

निशाचर
@गोदाकाठची, हे खरंच भारी आहे. व्हॉयेजरचाच विषय निघाला तर, नोव्हेंबर २०२३ मध्ये ते निरर्थक डेटा पाठवायला लागलं होतं. मेमरीतली एक चिप गेली होती. इथून दुरुस्ती करणाऱ्यांनी त्या चिपमधला कोड तुकडे करून उरलेल्या मेमरीत जागा मिळेल तिथे बसवला. आदेश पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला साडेबावीस. गुरुवारी पाठवलं, शनिवारी कळलं की जमलं, एप्रिल २०२४. मी प्रोग्रॅमर आहे, मला ही गोष्ट कुणाशी तरी समोरासमोर बोलायची होती, ऑफिसात कुणाला रस नव्हता. त्या अर्थाने मान्य, की तिथे जाऊन आपल्यासारखी माणसं भेटतात.

पेठची_बाई
मी पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तुम्ही नाशकातले लोक नशीबवान आहात एवढंच म्हणेन. आमच्याकडून संध्याकाळच्या व्याख्यानाला यायचं तर परतीच्या एसटीचं गणित बसत नाही, त्यामुळे मी शनिवार-रविवार असेल तरच येते, बहिणीकडे मुक्काम करते, आणि वहीत लिहून नेलेलं सोमवारी वर्गात सांगते.

मागे एकदा चांद्रयान-३ च्या उपकरणांवर होतं. विक्रमवर चास्टे नावाचं एक यंत्र होतं, त्याची सळई जमिनीत खुपसायची, तिच्यावर दहा सेन्सर, दहा सेंटिमीटरपर्यंत तापमान मोजायला. वर पन्नासच्या पुढे आणि फक्त आठ सेंटिमीटर खाली उणे दहा. मी हे फळ्यावर काढून दाखवलं, वीतभर पट्टी घेऊन. तर सहावीतला एक मुलगा म्हणाला, बाई, म्हणजे तळपायाला चटका आणि बोटं मातीत खुपसली की गारठा? मग आम्ही शाळेच्या मैदानात दुपारी खड्डा करून थर्मामीटर लावून बघितलं. आपल्याकडेही फरक पडतो, पण थोडा. मग लगेच पुढचं, तिथेच एवढा का? चंद्राची माती इतकी भुसभुशीत आणि मध्ये हवाच नाही, त्यामुळे उष्णता खाली जातच नाही म्हटलं तरी चालेल. हे मला सांगता आलं कारण व्याख्यान संपल्यावर मी पायऱ्यांवर वक्त्यांना गाठून नेमकं हेच विचारलं होतं.

म्हणून माझी मागणी वेगळी आहे. वक्ते नाशकात येतातच तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पेठ, सुरगाणा, इगतपुरी असं एखाद्या शाळेत न्या ना. आमची मुलं प्रश्न विचारायला लाजत नाहीत. आणि आमच्याकडे रात्रीचं आकाश तुमच्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे.

त्र्यंबकरोड
@पेठची_बाई, बाई तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. हे नक्की धरून ठेवतो, खाली कुणी आयोजकांपैकी असेल तर बघा प्लीज.

जुनी_दुर्बीण
वयाने इथे बहुधा मीच मोठा असेन, त्यामुळे जरा लांबण लागेल.

प्रश्नांवरून नारळीकर सर आठवले. मुलं त्यांच्याकडे सहीसाठी गर्दी करायची, तर ते वहीवर सही द्यायचे नाहीत. सांगायचे, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहून खाली सही करून पाठवतो. आणि खरंच पाठवायचे. केवढी मोठी गोष्ट आहे बघा ही. सहीची किंमत एक प्रश्न! २०२१ च्या डिसेंबरात आपल्या नाशकात ९४ वं साहित्य संमेलन झालं त्याचे ते अध्यक्ष होते, तब्येतीमुळे प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत याची हळहळ मला अजून आहे. २० मे २०२५ ला ते गेले. त्यांनी उभी केलेली पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आजही शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्यानं घेते, विज्ञान दिनाला दारं उघडते. आदित्य-एल१ वरची सूट ही दुर्बीण तिथेच घडली. नातवंडांना एकदा जरूर दाखवा, आवारात पृथ्वी फिरते हे दाखवणारा फूकोचा लंबक आहे, त्याच्याजवळून मुलं हलत नाहीत.

आता ऐकणाऱ्यांबद्दलही दोन शब्द. सगळा दोष आयोजकांचा नाही. माईक हातात आला की काही लोक प्रश्न विचारत नाहीत, भाषण करतात. "आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच माहीत होतं" इथून सुरुवात करून पाच मिनिटं खातात आणि शेवटी प्रश्नचिन्ह नसतंच. दुसरे ते "इस्रोने यावर एवढा खर्च का करावा" म्हणणारे. तो प्रश्न चांगला आहे, जरूर विचारावा, पण आकडा माहीत करून. मंगळयान ४५० कोटींत झालं. एवढं वाचून आलात तर वक्ताही नीट उत्तर देतो. घरून निघताना विषयावर दहा मिनिटं वाचा आणि एकच प्रश्न कागदावर लिहा, एका वाक्यात मावेल असा. मी कित्येक वर्षं असंच करतो.

ओझरवाला
काका, पोस्टकार्डाची गोष्ट मुलीला वाचून दाखवली. पोस्टकार्ड म्हणजे काय तिथून सुरुवात झाली, पण आता प्रश्न लिहायला बसली आहे.

मंडप_ते_माईक
मी एका छोट्या मंडळाचं काम बघतो, व्याख्यानं भरवतो, नाव नको. सत्कारांवर टीका होते ती मान्य आहे, पण दुसरी बाजूही ऐका. हॉलचं भाडं, वक्त्यांचा प्रवास, मुक्काम, साउंडवाला, हे सगळं कुणीतरी देतं आणि त्या माणसाला स्टेजवर बोलावलं नाही तर पुढच्या वर्षी तो देत नाही. तिकीट लावलं तर लोक येत नाहीत. अवकाशाच्या विषयाला तरी नाहीच.

तरीही आम्ही एक बदल केला आणि तो चांगला चालला. दारातच प्रत्येकाला चिठ्ठी आणि पेन्सिल द्यायची. व्याख्यान चालू असताना सुचेल तसा प्रश्न लिहून मधल्या वाटेकडे द्यायचा, आमचे दोन कार्यकर्ते गोळा करतात, एक विज्ञानाचे शिक्षक त्यातले सारखे प्रश्न एकत्र करतात आणि वक्त्यांसमोर ठेवतात. भाषणबाजी बंद झाली. आणि मुख्य म्हणजे ज्या बायका, मुली, लहान मुलं माईकवर उठत नव्हती त्यांचे प्रश्न यायला लागले, आणि ते सगळ्यात चांगले असतात. एका चिठ्ठीवर होतं, "चांद्रयानाला चाळीस दिवस लागले, अपोलोला चार, आपण हळू का?" यावर वक्त्यांनी रॉकेटचा सगळा हिशोब सांगितला, अपोलोचं सॅटर्न रॉकेट जवळपास तीन हजार टनांचं, आपलं एलव्हीएम३ ६४० टनांचं, त्यामुळे आपण आधी पृथ्वीभोवती लांबट कक्षेत जातो आणि दर फेरीला जवळ आलो की इंजिन थोडं पेटवून कक्षा लांबवत लांबवत नेतो. इंधन वाचतं, दिवस जातात.

आणि सत्कार आम्ही आता शेवटी नेलाय, प्रश्नोत्तरं झाल्यावर. देणगीदार शेवटपर्यंत थांबतात, त्यांनाही व्याख्यान ऐकायला मिळतं. एकाने तर नंतर स्वतः प्रश्न विचारला.

पेठच्या बाई, तुमचं मंडळात मांडतो. वक्त्यांना सकाळची गाडी द्यावी लागेल, ती आमच्यातल्या एकाची आहे.

गोदाकाठची
चिठ्ठ्यांची कल्पना एकच नंबर! सत्कार शेवटी हे तर सगळ्यांनीच उचलावं.

अजून एक सुचवते. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, सगळं शहर त्याच चर्चेत आहे, रस्ते, घाट, साधुग्राम. पण सिंहस्थ म्हणजे गुरू सिंह राशीत, हे आकाशात बोट दाखवून सांगणारं व्याख्यान मला हवंय. गुरूची फेरी बरोबर बारा वर्षांची नाही, ११.८६ वर्षांची आहे, म्हणून कधीतरी कुंभ अकरा वर्षांनीच येतो, हरिद्वारला २०१० नंतर २०२१ ला झाला तसा. आणि तिथूनच पुढे जाता येईल, की त्याच गुरूभोवती जूनो हे यान २०१६ मध्ये पोचलं, युरोपा क्लिपर आणि ज्यूस ही दोन यानं वाटेत आहेत, एक २०३० ला पोचेल, दुसरं २०३१ ला. घाटावर, रात्री, दुर्बीण लावून, गुरूचे चार चंद्र दाखवत. याला गर्दी होणार नाही असं कोण म्हणेल?

मंडप_ते_माईक
हे घेतलं. वक्ता शोधतो.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
शिफ्टमुळे संध्याकाळची व्याख्यानं माझी हुकतात. रविवारी सकाळी कुणी ठेवत असेल तर सांगा. आणि खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला, जीएमआरटीला, कुणी गेलंय का? विज्ञान दिनाच्या सुमाराला उघडं असतं म्हणे.

जुनी_दुर्बीण
गेलोय आणि परत जायला तयार आहे. पुणे रोडने नारायणगाव, तिथून आत वळायचं. जीएमआरटी म्हणजे ४५ मीटरच्या तीस डिश, त्यातल्या चौदा मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान प्रदर्शन असतं, शाळांची मुलं प्रकल्प घेऊन येतात आणि तिथले शास्त्रज्ञ स्वतः उभे राहून सांगतात, मराठीतही. फोन बंद ठेवावा लागतो, फोनच्या लहरींनी निरीक्षण बिघडतं. अवकाश मोहिमांशीही या दुर्बिणीचा संबंध आहे बरं का. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं तेव्हा त्याचा क्षीण सिग्नल खोडदच्या या डिश ऐकत होत्या. उतरता उतरता तो बंद पडला, ते इथेही कळलं.

त्र्यंबकरोड
मग जाऊया का सगळे मिळून? पेठच्या बाई, शाळेतली काही मुलं आणता येतील का, मुख्याध्यापकांची परवानगी लागेल ते बघा, गाडीचा खर्च आपण वाटून घेऊ. नाशिक रोडहून पहाटे निघू, जेवणाचं नारायणगावात. इथे फक्त किती मोठे आणि किती मुलं एवढं लिहा. आणि सोबत प्रत्येकाचा एक प्रश्न, काका म्हणतात तसा, एका वाक्यात.

ओझरवाला
दोन मोठे, एक मुलगी. तिचा प्रश्न: डिशला पत्रा नाही, नुसती तारेची जाळी आहे, मग आकाशातल्या लहरी भोकांतून आरपार निघून का जात नाहीत?

पेठची_बाई
मुख्याध्यापकांना उद्या विचारते. वर्गात आत्ताच अकरा हात वर आहेत. प्रश्न मुलांकडून लिहून घेऊन रविवारी टाकते.

निशाचर
एक. @ओझरवाला, उत्तर मला माहीत आहे, लहर भोकापेक्षा कितीतरी लांब असली की तिला जाळी सलग पत्र्यासारखीच, पण मुलीला आत्ता सांगू नका, तिथे विचारू दे. माझा प्रश्न: तीस डिशचा डेटा एकत्र करताना वेळ किती अचूक जुळवावी लागते आणि ती कशी जुळवतात?